केळुसकरांच्या गाडीतली जागा

केळुसकरांनी कधी कुणाला हॉर्न वाजवून खाली बोलावलं नाही. सकाळी आमच्या सोसायटीच्या गेटाशी गाडी आणून लावायची, इंजिन बंद करायचं, काच खाली घ्यायची आणि समोरच्या क्लासच्या बोर्डावरचे गुणवंत विद्यार्थ्यांचे फोटो बघत बसायचं. मी कितीही उशिरा उतरले तरी चेहऱ्यावरची रेष हलायची नाही. "या," एवढंच म्हणायचे. एकदा मीच वैतागून म्हटलं, "अहो, एक हॉर्न तरी देत चला." तर म्हणाले, "हॉर्न दिला की माणूस धावत येतो. मग दिवसभर धावतच राहतो." ऐकायला फार छान, पण त्यापायी आम्हा चौघांना कित्येकदा लेटमार्क लागलेला आहे, हेही सांगून टाकते.

आमचं ऑफिस चेंबूरला. केळुसकर आणि मी राहणार कामोठ्याचे. शिंदे रोडपालीहून रिक्षाने यायचा आणि माझ्या सोसायटीसमोरच गाडीत बसायचा. पुढे खारघरला वैशाली चढायची आणि उरण फाट्यावर भोईर. भोईर गव्हाणचा, घरची भातशेती आणि मिठागर होतं ते सगळं विकासात गेलं, बदल्यात प्लॉट आला, त्यावर चार मजले उभे राहिले. तरी हा नोकरीला यायचा. "घरी बसून करू काय? भाडेकरूंची तोंडं बघू?" असं म्हणायचा. तर अशी आम्ही चार माणसं आणि पाचवे केळुसकर. गाडी पांढरी, पेट्रोलवर चालणारी, भरपूर जुनी. डाव्या बाजूचं मागचं दार चेपलेलं, ते आतून उघडायचं नाही, म्हणून केळुसकर स्वतः उतरून ते उघडायचे. नव्या माणसाला वाटायचं, काय ही अदब!

केळुसकर आमच्या परचेसमध्ये. अंगाने किरकोळ, शर्ट कायम फिक्या निळ्या रंगाचा, बोलणं कमी आणि तेही संध्याकाळी. सकाळी गाडीत शब्द नाही. आम्ही चौघं बसल्या जागी झोपायचो आणि ते आम्हाला झोपू द्यायचे. ब्रेक असा दाबायचे की मान हलू नये. खड्डे त्यांना पाठ होते, आणि पावसाळ्यानंतर नवे खड्डे पाठ व्हायला त्यांना दोन दिवस पुरायचे. त्यांची बायको चार वर्षांपूर्वी गेली होती. मुलगा पुण्याला, त्याचा संसार त्याच्यापाशी. कामोठ्याच्या त्या दोन खोल्यांत केळुसकर एकटे राहायचे, स्वतःचा डबा स्वतः करायचे आणि त्यात रोज एक भाजी जास्तीची आणायचे. कुणासाठी, ते कधी म्हणाले नाहीत. पण दुपारी आम्ही एकत्र बसलो की डबा मध्ये सरकवायचे.

कशालाही त्यांचं उत्तर एकच. "होईल, होईल." साहेब चिडलेत? होईल. फाईल अडकली? होईल. शिंदे त्यांची नक्कल करायचा आणि ते स्वतःच हसायचे.

वैशाली बाळंतपणाच्या रजेवर गेली तेव्हाची गोष्ट. सहा महिने मागची एक जागा रिकामी. ऑफिसात आमच्याच मजल्यावरचा एक जण खारघरला राहायला आला होता, त्याने विचारलं, "काका, एक सीट आहे ना तुमच्याकडे?" केळुसकर म्हणाले, "सीट आहे. पण ती वैशालीची आहे." तो म्हणाला, "ती येईपर्यंत बसतो." "नको," केळुसकर म्हणाले, "तुम्हाला सवय होईल, मग मला उठवताना जड जाईल." सहा महिने त्या जागेवर आमच्या पिशव्या बसून चेंबूरला जात होत्या. शिंदे म्हणायचा, पिशव्यांना पण लेटमार्क लावा.

वैशाली परत आली ती अर्धी झाली होती. बाळ रात्रभर जागवायचं. सासूबाई बाळाला सांभाळायच्या, पण त्याचं मोल बोलून वसूल करायच्या. गाडीत बसली की तिची मान खाली. एके दिवशी मला जाग आली आणि बघते तर गाडी एका झाडाखाली उभी, इंजिन बंद. ऑफिस मागे राहिलेलं. शिंदे, भोईर गाढ झोपेत, वैशाली माझ्या खांद्यावर. केळुसकर पेपर वाचत होते, पान उलटताना आवाज होऊ नये म्हणून फार सावकाश. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. पुष्कळ वेळाने त्यांनी गाडी वळवली आणि ऑफिसच्या गेटाशी आणली. सगळे जागे झाले. "बाप रे, एवढा उशीर?" वैशाली घाबरली. "मानखुर्दला ट्रॅफिक होतं," केळुसकर म्हणाले. इतकं सरळ तोंड करून खोटं बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आवाज सुरू झाला तो दिवाळीच्या आसपास. पहिल्यांदा मला वाटलं, कुणाचा तरी डबा वाजतोय. गाडी चढाला लागली की खालून टक टक टक, गाडीने वेग घेतला की आवाजही वेग घ्यायचा. आम्ही चौघांनी ऐकला. आपसात बोललोसुद्धा, ऑफिसच्या जिन्यात. पण त्यांच्यासमोर काढायचा कुणी? माणूस आपल्याला रोज दारातून नेतो, दारात सोडतो, त्याच्या गाडीला नाव कसं ठेवायचं? शिवाय प्रत्येकाच्या मनात तेच होतं, गाडी गॅरेजला गेली तर आपली सोय काय. तेव्हा आम्ही भिडेपोटी गप्प राहिलो. आणि केळुसकर? त्यांनी रेडिओचा आवाज वाढवला. ज्या गाडीत सकाळी शब्द नसायचा तिथे भक्तिगीतं दणाणू लागली. शिंदेची झोप मोडायची, पण तोही गप्प.

मग एका सोमवारी डॅशबोर्डवर गणपती आला. प्लास्टिकचा, अंगठ्याएवढा, मागे चिकटपट्टी लावलेला. बाकी कुठेही बसवता आला असता, पण केळुसकरांनी तो स्टिअरिंगच्या मागे, काट्यांच्या काचेवर खालच्या कोपऱ्यात बसवला होता. आम्ही आपले नमस्कार करून मोकळे. भोईर मात्र त्या दिवशी पुढे बसला होता. वाशीच्या सिग्नलला गाडी थांबली तशी तो पुढे वाकला, बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "काका, रागावू नका. पन बाप्पाच्या मागं लाल दिवा लागतोय."

रेडिओ चालू होता. केळुसकरांनी तो बंद केला. आता टकटक सगळ्यांना स्वच्छ ऐकू आली.

"ऑइलचा हाय ना तो?" भोईर म्हणाला. "आमी पंधरा दिवस ऐकतो, पन बोलाचं कसं? तुमी पन बोलत नाय."

केळुसकर समोर बघत म्हणाले, "गाडी उघडली की आठ-दहा दिवस जातात रे. तोवर तुम्ही सगळे पांगाल."

म्हणजे माणसाला सगळं ठाऊक होतं. आवाज ऐकू येत होता, दिवा दिसत होता, आणि त्याने तो दिवा गणपतीमागे झाकून आम्हाला रोज चेंबूरला नेलं होतं. मला राग आला आणि त्या रागावर लगेच दुसरंच काहीतरी आलं. आम्ही ज्याला आमची सोय म्हणत होतो तो त्या माणसाचा संसार होता. सकाळी आम्ही त्याच्या गाडीत चढायचो तेव्हा त्याच्या घरात माणसं यायची, संध्याकाळी उतरलो की घर रिकामं. हे मला त्या सिग्नलला कळलं. सिग्नल सुटला आणि मागचे हॉर्न वाजवू लागले.

ऑफिसची एसी बस आधीच्या वर्षीपासून पनवेलहून सुटत होती. कळंबोली, कामोठे, खारघर, उरण फाटा, सगळीकडे थांबायची. आम्हाला तिची गरज नव्हती, कारण आम्हाला केळुसकर होते. त्यांना मात्र ती बस हायवेवर दिसली की ते उगाच लेन बदलायचे.

शिंदेने सरळ सल्ला दिला. "काका, द्या ती भंगारात. किती खर्च करणार? तुमची नोकरी उरलीच किती?"

"होईल, होईल," केळुसकर म्हणाले. आणि शनिवारी गाडी कळंबोलीला रफिकभाईंच्या गॅरेजला लावली. भोईर ओळखीचा म्हणून बरोबर गेला आणि घराजवळच म्हणून मीही गेले.

रफिकभाई पनवेलचेच, दाढी पांढरी, आवाज कोवळा. इंजिन उतरवलं, खालचा ऑइलचा डबा काढला आणि त्यातलं काळं तेल ताटलीत ओतून उन्हात धरलं. तेलात बारीक चंदेरी कण चमकत होते. "हे बघा, साहेब. बेअरिंग विरघळलंय याच्यात." मग एकेक बेअरिंग काढून वर्तमानपत्रावर ओळीने मांडलं. मला बेअरिंग म्हणजे छऱ्यांची चकती ठाऊक. ही साधी, बांगडीच्या अर्ध्या तुकड्यासारखी होती, दोन-दोनच्या जोडीने. "क्रँक, म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा, फिरतो तो यांच्या कुशीत," रफिकभाई म्हणाले. "मध्ये तेलाचा पडदा. तेल कमी पडलं की धातूला धातू लागतो. मग हे झिजतं." वरचा चंदेरी थर जाऊन खालचं तांबं उघडं पडलं होतं. रफिकभाईंनी क्रँकवरून नख फिरवलं, डोळे मिटून, दोनदा. "अल्लाची मेहेरबानी. क्रँक सलामत आहे. अजून आठवडा चालवली असती तर इंजिन रस्त्यात जाम झालं असतं. आणि हायवेवर मागून ट्रेलर. आत माणसं असतात ना तुमच्या?"

केळुसकरांचा चेहरा उतरला. आपण आम्हाला सांभाळतोय असं त्यांना वाटत होतं, आणि प्रत्यक्षात काय करत होतो ते त्यांना कुणीतरी पहिल्यांदाच सांगत होतं. खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, परत घातला, परत काढून पुसला.

"घरी जा साहेब, मी फोन करतो," रफिकभाई म्हणाले.

"घरी जाऊन काय करू?" केळुसकर म्हणाले आणि तिथल्याच एका उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसले. मी आणि भोईर निघालो. रविवारी भोईर सहज डोकावला तर ते तिथेच, डबा घेऊन आलेले. त्यात एक भाजी जास्तीची होती, ती रफिकभाईंनी खाल्ली.

गाडी तयार झाली ती पुढच्या शनिवारी, तेव्हा मी आणि भोईर पुन्हा गेलो. सुरू केली तर आवाजच नाही. केळुसकर बॉनेटला कान लावून उभे राहिले आणि लहान मुलासारखे हसले. त्यांच्या तोंडावर इतकं हसू मी तोवर पाहिलं नव्हतं. मग रफिकभाईंनी अट सांगितली. "आता रनिंग करायची. बेअरिंग नवीन, क्रँक जुना. दोघांना एकमेकांची सवय होऊ दे. हजार किलोमीटर पन्नासच्या वर नेऊ नका, आणि होईल तेवढी रिकामी चालवा. लोड नको."

"लोड म्हणजे?" केळुसकरांनी विचारलं.

"माणसं," रफिकभाई म्हणाले.

भोईर म्हणाला, "काका, आमी बसतो ना, हळू जाऊ. निघू थोडं लवकर." केळुसकर ऐकेनात. आठवडाभर रजा टाकून उलट्या डब्यावर बसून त्यांनी जे पाहिलं होतं ते त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं. "एकदा चूक केली. आता रफिक म्हणतो तसंच. महिनाभर तुम्ही बसने जा. महिन्याने मी पुन्हा सगळ्यांना घ्यायला येतो. ही गाडी मला रिटायर होईपर्यंत पुरवायची आहे." असं म्हणून त्यांनी आमच्याकडून वचन घेतल्यासारखं दोघांकडे बघितलं. आम्ही मान डोलावली.

तो महिना आम्ही बसने गेलो. बसमध्ये पाय पसरता येतात. सीट मागे जाते. बस उशिरा पोचली तर लेटमार्क लागत नाही, कारण बस ऑफिसची. शिंदेचं रिक्षाचं लचांड सुटलं, बस रोडपालीच्या तोंडाशी थांबते. वैशालीला तर सोसायटीच्या दारातच मिळते. गाडीत अवघडून माझा गुडघा दुखायचा, तोही थांबला. पहिले काही दिवस आम्ही डाव्या लेनमध्ये त्यांची पांढरी गाडी शोधायचो. ती दिसायची, रांगत चाललेली, ट्रकसुद्धा तिला मागे टाकायचे. आत केळुसकर एकटे, पाठ ताठ. आम्ही काचेतून हात करायचो. मग हळूहळू बसमध्ये चढल्याबरोबर पडदे ओढून झोपायला लागलो. दमलेल्या माणसाला दुसऱ्या दमलेल्या माणसाकडे बघायला फार ताकद लागते, आणि आमच्याकडे सकाळी ती उरत नव्हती.

महिना सरत आला तसं बसमध्ये बोलणं निघालं. "काकांचं रनिंग संपलं असेल आता," शिंदे म्हणाला. वैशाली खालच्या आवाजात म्हणाली, "पण त्यांना सांगायचं कसं? मला तर जमणार नाही." भोईर खिडकीबाहेर बघत म्हणाला, "नाय सांगाचं. जाऊ आपन परत. मानूस हाय तो." पण त्याच्याही आवाजात जोर नव्हता.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये आम्ही चौघं बसलो असताना केळुसकर आले. डबा मध्ये सरकवला. शिंदेने घसा साफ केला. "काय काका, झालं का रनिंग?"

केळुसकरांनी आमच्याकडे पाहिलं. एकेकाकडे, सावकाश. वैशालीने पोळीचा तुकडा हातात तसाच धरला होता. मी बहुधा गुडघा चोळत होते.

"नाही रे," ते म्हणाले. "अजून थोडं बाकी आहे. रफिक म्हणतो, जुनं इंजिन आहे, आणखी चालवा. तुम्ही आपले बसनेच या एवढ्यात."

वैशालीने तुकडा तोंडात घातला. सगळ्यांचे हात एकदम डब्याकडे गेले आणि त्या दिवशीची गवारीची भाजी फार छान झालीय असं आम्ही चौघांनीही त्यांना सांगितलं.

पुढे त्याचा खेळच झाला. महिना, दोन महिने, उन्हाळा आला. जिन्यात भेटले, लिफ्टमध्ये भेटले की शिंदे विचारायचा, "काका, झालं का?" "अजून थोडं बाकी आहे." "काका, तुमचं इंजिन पीएचडी करतंय का?" सगळे हसायचे, केळुसकरही. मी हसत असे. जुन्या गाडीचं असतं काहीतरी, असं खरंच वाटत होतं, की वाटून घेतलं होतं, आता सांगता येत नाही.

त्यांच्या निवृत्तीचा तो शेवटचा आठवडा. निरोपसमारंभाची वर्गणी झाली होती, मुलगा पुण्याहून येऊन सामान हलवणार होता. एका सकाळी बसमध्ये मला झोप लागेना. सगळे पडद्याआड झोपले होते. शिंदे तोंड उघडं टाकून, वैशाली ओढणी डोळ्यांवर घेऊन. नेरुळ मागे पडलं आणि मी सहज पडदा बाजूला केला. उजव्या लेनमधून एक पांढरी गाडी आली, बसच्या बरोबरीला आली आणि भरकन पुढे निघून गेली. चांगली ऐंशीच्या पुढे असेल. डाव्या बाजूचं मागचं दार मी ओळखलं. आत केळुसकर होते, चारही जागा रिकाम्या. गाडी वाशीच्या दिशेने गेली आणि दिसेनाशी झाली. मी पडदा ओढला नाही. कुणाला उठवावं असंही मला वाटलं नाही.

चेंबूरला बस मोठ्या रस्त्यावरून आमच्या गल्लीत वळते. त्या वळणाच्या अलीकडे, कडेला, पांढरी गाडी उभी होती. केळुसकर आत बसून होते, मान मागे वळवलेली. आमची बस वळली तशी त्यांनी गाडी सुरू केली आणि बसच्या मागोमाग, मुलांच्या सायकलीसुद्धा पुढे जातील अशा वेगाने, गेटापर्यंत आले.

आम्ही खाली उतरलो. शिंदे डोळे चोळत, आळस देत, गाडीकडे बघून ओरडला, "काय काका, झालं की नाही अजून?"

केळुसकरांनी काच खाली घेतली. फिका निळा शर्ट, दाढी नुकतीच केलेली. त्यांची नजर माझ्याकडे आली आणि क्षणभर माझ्यावर थांबली. मी बसच्या कुठल्या खिडकीशी बसते ते त्यांना ठाऊक असणार.

"अजून थोडं बाकी आहे," ते म्हणाले.

"सावकाश या हं, काका," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि गाडी तशीच हळूहळू आत नेली.